पहिली फुंक तुझी

३ मार्च

फुग्या,

पत्र बघून दचकू नकोस. ताई ठीक आहे, मीही ठीक आहे, कुणी गेलेलं नाही. सहा वर्षांनी घरच्या माणसाचं पत्र आलं की आधी मनात तेच येतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. पत्ता तुझ्या वकीलबाईंच्या नोटिशीवर होता, तिथून उतरवून घेतला. अक्षराकडे दुर्लक्ष कर. चौतीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या बोटांकडून मी स्वतःही याहून जास्त अपेक्षा ठेवत नाही.

नोटीस काल आली. तू कारखान्याविरुद्ध कामगार न्यायालयात गेलास हे उडत उडत कानावर आलं होतं. आता त्या बाईंनी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय. आणि गंमत बघ, आज सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "दाजी, कारखान्याच्या बाजूने तुम्हीच बोला. तुम्ही घरचे." एवढा भाव मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

हो, साहेबसुद्धा मला दाजीच म्हणतात. ही तुझीच कृपा. तू कामाला लागलास आणि पहिल्या दिवसापासून "दाजी, दाजी" करत माझ्यामागे हिंडलास, तेव्हापासून अख्ख्या कारखान्याची बहीण माझ्या घरात नांदतेय. नवीन आलेल्या पोरांना तर माझं खरं नाव माहीतच नाही.

ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतोय. साहेब म्हणाले, क्वार्टर लगेच सोडायची घाई नाही, दोन-तीन वर्षं राहा आरामात. त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं असेल. ताईने इथे खिडकीत सात कुंड्या लावल्यात, स्वयंपाकघराची फळी तिच्या उंचीला बसवून घेतली आहे. या वयात तिला कुठे घेऊन जाऊ?

तर एक विनंती आहे. वकीलबाईंना सांग, दाजींना यात ओढू नका. तुझं ते सगळं झालं त्या आठवड्यात मी रजेवर होतो, आठवत असेल तुला. ज्याने काही पाहिलं नाही त्याची साक्ष कुणाच्या काय कामाची?

ताईला या पत्राचं बोललो नाही. तू न सांगता निघून गेलास याचा तिचा राग अजून गेलेला नाही. तुझ्याबद्दल कुणी विचारलं की विषय बदलते. तू तब्येतीला जप.

तुझा,
दाजी


२१ मार्च

फुग्या,

कार्ड मिळालं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. "दाजी, तुम्ही रजेवर नव्हता. ताईचा गुडघा कसा आहे?" बस, एवढंच. पूर्वी तुझं तोंड बंद ठेवायचं तर त्यात फुंकणी द्यावी लागायची आणि आता दीड ओळ.

गुडघा तसाच आहे. जिना चढताना दोनदा थांबते आणि थांबलेच नाही असं दाखवते.

रजेचं म्हणशील, तर त्या आठवड्यात एक दिवस मी दात काढायला गेलो होतो. तेच डोक्यात राहिलं असावं. बाकीचे दिवस होतो. ठीक आहे, होतो मी.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. दोन नंबरची भट्टी परवा विझवली. आपली भट्टी. तिच्या जागी यंत्र येणार, मिनिटाला चाळीस बाटल्या काढणारं, आणि त्याला ना चहा लागतो ना सुट्टी. भट्टी थंड व्हायला दोन दिवस लागले. मी दोन्ही दिवस काम नसताना तिथे जाऊन उभा राहत होतो. मुकादम म्हणाला, "दाजी, काही हरवलंय का?" म्हटलं, बघतोय सापडतंय का.

तुझा पहिला आठवडा आठवला. बावीस वर्षांचा होतास, अंगावर मांस नाही आणि छाती मात्र भात्यासारखी. मी म्हटलं, हळू फुंक. तू सगळा जीव ओतलास. काचेच्या गोळ्याचा हा एवढा मोठा फुगा झाला, मग आणखी मोठा, आरपार दिसायला लागला आणि फट्! फरशीभर काचेचे पापुद्रे तरंगत खाली आले. मुकादम धावत आला, आधी फरशीकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाला, "हा फुगा कुणी भरती केला?" झालं तुझं बारसं. तू रागावला नाहीस. तूच सगळ्यांत मोठ्याने हसलास.

ताईला मी कधी नीट समजावू शकलो नाही, की दोन माणसांनी एकाच नळीत फुंकायचं म्हणजे काय. ती म्हणायची, "शी! एकमेकांचं उष्टं?" तिला सांगायचो, अगं, गोळा काढतो तुझा भाऊ. भट्टीतून फुंकणीच्या टोकावर लाल काच गुंडाळून आणतो, पाट्यावर फिरवतो, पहिली फुंक देतो. ती छोटी, पण सगळं तिच्यावर. ती वाकडी गेली की पुढे वस्तू वाकडीच. मग फुंकणी माझ्या तोंडाला आणि दुसरी फुंक माझी. मध्ये पुसायला वेळ नसतो, काच कुणासाठी थांबत नाही. तुझी पहिली फुंक इतकी सरळ यायची की मला डोळे मिटून काम करता यायचं. अकरा वर्षं आपण असं केलं. मी कुणाशीच इतका जुळलेला नव्हतो, ताईशीसुद्धा नाही. हे तिला सांगू नकोस.

आणि गालगुंडांचं साल! ते तर तुला मरेपर्यंत आठवेल. आधी लंबूचा गाल सुजला. महिनाभरात अकरा जण. ज्याने ज्याची फुंकणी तोंडाला लावली, त्याला त्याने प्रसाद दिला. सगळे डोक्यावरून हनुवटीखाली फडकी बांधून भट्टीसमोर उभे. साहेब फेरी मारायला आले, दारातून आत बघितलं आणि तसेच मागे फिरले. तुला दोन्ही बाजूंनी झालं, तर मुकादम म्हणाला, आता नाव शोभतं. आठ दिवस कारखाना बंद राहिला. बरे झालो आणि पुन्हा त्याच फुंकण्या तोंडाला लावल्या. कुणी कुणाचं तोंड चुकवलं नाही.

ती गोष्ट मी किती रंगवून सांगायचो ना, गाल फुगवून, एकेकाची नक्कल करत. हल्ली सांगत नाही.

दाजी


१४ एप्रिल

फुग्या,

या वेळी पाऊण ओळ. "माझ्या रक्ताचं बाहेर कुणी फोडलं, दाजी?"

दोन आठवडे हे कार्ड खिशात घेऊन फिरतोय. एकदा शर्टासकट धुवायला गेलं, ताईने बादलीतून काढलं आणि शाई पसरली होती म्हणून वाचता आलं नाही तिला. विचारलं कुणाचं, तर म्हटलं विम्याच्या एजंटचं.

सांगतो. वर्षाची तपासणी होती. साखर बघायची म्हणून सगळ्यांचं रक्त घेतलं होतं. आणखी काय काय बघणार हे कुणी आपल्याला विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही. चार दिवसांनी मी खोकल्याचं औषध घ्यायला दवाखान्याच्या खिडकीशी गेलो, तर कंपाउंडरने मला आत घेतलं, दार लोटलं आणि म्हणाला, "तुमचा मेव्हणा आहे म्हणून सांगतो. बाहेर बोलू नका." मग त्याने सांगितलं. मला तो शब्द नीट उच्चारताही येत नव्हता.

मी बाहेर आलो. एक चहा प्यायलो. आणि दुपारचा भोंगा व्हायच्या आत मुकादमाला सांगितलं.

का? तुला हलकं काम मिळावं, भट्टीपासून लांब ठेवावं, तब्येत सांभाळली जावी, म्हणून. सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय आणि सांगताना प्रत्येक वेळी ते थोडं कमी पटतं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो आणि ती भीती कुणाच्या तरी हातात द्यायची होती. मुकादमाने दुसऱ्या कुणाच्या हातात दिली असेल. संध्याकाळपर्यंत लंबूला माहीत होतं. लंबूला माहीत म्हणजे सगळ्यांनाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास तेव्हा तुझ्या फुंकणीवर लाल पट्टा होता. तो मुकादमाने ओढला असं तू धरून चालला असशील. रंगाचा डबा त्याचा होता. ब्रश माझ्या हातात होता.

तू ती फुंकणी उचललीस, इकडून तिकडून बघितलीस आणि म्हणालास, "दाजी, माझ्या फुंकणीला बढती मिळाली वाटतं." मी हसलो. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी हसलो. मग तुला सांगितलं, तू आजपासून कोपऱ्यातल्या छोट्या भट्टीवर, एकट्याने, औषधाच्या शिश्या कर. तू म्हणालास, "का? तुमचा दम संपला का माझ्याबरोबर?"

फुग्या, तुला तेव्हा माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी तुला बोलावलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझ्या रक्तात काय आहे हे मला, मुकादमाला, लंबूला, चहावाल्याला तुझ्या आधी कळलं होतं. तू सबंध दिवस त्या कोपऱ्यात शीळ घालत शिश्या फुगवत होतास आणि आम्ही चाळीस माणसं तुझी पाठ बघत होतो.

या पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

दाजी


२ मे

फुग्या,

चार पानं लिहिलीस. मी कारखान्याच्या मागच्या भिंतीआड उभा राहून वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

रोज एक गोळी, आणि आता तपासणीत तो विषाणू सापडतसुद्धा नाही, हे वाचून बरं वाटलं. बरं हा शब्द फार लहान आहे, पण मला दुसरा येत नाही. खिडक्यांच्या काचा कापतोस हे वाचून मात्र कसंसंच झालं. तुझ्या हातात सपाट काच! तुझ्या मालकांना सगळं माहीत आहे आणि ते म्हणतात, "बोट कापून घेऊ नकोस, असा कापणारा मला दुसरा मिळायचा नाही." या माणसाचं दुकान मला बघायचंय.

आणि मग शेवटच्या पानावर तू ते लिहिलंस. की श्वासाने, थुंकीने, एका फुंकणीने हे पसरत नाही, हे दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. "आपण दोघं त्याच भिंतीला टेकून चहा प्यायचो, दाजी. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का?"

माहीत होतं.

आता हे एका दमात लिहितो, थांबलो तर पुन्हा काहीतरी बनवून सांगेन. लाल पट्ट्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः कँटीनमध्ये आले होते. तुला घरी पाठवलं होतं. चांगला माणूस होता तो, तरुण, घामाघूम झालेला. त्याने टेबलावर तक्ता ठेवून सगळं समजावलं. काय केल्याने होतं, काय केल्याने होत नाही. फुंकणी हातात घेऊन स्वतःच्या तोंडाला लावून दाखवली. माणसं ऐकत होती, फुग्या. लंबूसुद्धा मान डोलवत होता. अजून पाच मिनिटं गेली असती तर सगळे उठून कामाला लागले असते.

मी उभा राहिलो आणि गालगुंडांची गोष्ट सांगितली.

अगदी नेहमीसारखी. गाल फुगवून, फडकं बांधून, साहेब दारातून कसे पळाले ते. शेवटी म्हणालो, "डॉक्टर, तुमच्या तक्त्यात आमची फुंकणी नाही. आमच्या फुंकणीतून काय काय जातं ते आम्हाला विचारा." कँटीन हसून हसून कोसळलं. डॉक्टरही कसनुसा हसला आणि तक्ता गुंडाळायला लागला. गालगुंड वेगळं आणि हे वेगळं, हे तो सांगत होता, पण तोवर कुणी ऐकत नव्हतं. त्या दुपारपासून तीन दिवस एकानेही भट्टीला हात लावला नाही. म्हणाले, तो बाहेर जाईपर्यंत नाही.

रक्तावरून कुणाला काढता येत नाही, कायदा आडवा येतो, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांना दुसरं कारण हवं होतं. आणि कुणाचा श्वास पुरतो की नाही, हे आपल्याकडे फक्त वस्ताद ठरवतो, आणि वस्ताद मी होतो. मी लिहून दिलं, "याचा श्वास अर्ध्यावर तुटतो. भट्टीच्या कामाला अयोग्य." त्याच महिन्यात मला खोकला होता म्हणून वीस लिटरचा बुधला तू एकट्याने, एका दमात फुगवला होतास. मी बाजूला उभा राहून बघितला होता. माझ्या आयुष्यात मी तसा बुधला केलेला नाही.

मला कशाची भीती होती सांगू? तुझ्या रक्ताची नाही. तू आमच्याकडे येतोस, जेवतोस, असं लोक बोलायला लागले होते. "दाजींचंही तपासा" असं कुणीतरी म्हणालं. माझ्या फुंकणीवर लाल पट्टा येईल याची मला भीती होती. तेवढ्यासाठी मी तुला त्यांच्या हाती दिलं.

आणि सगळ्यांत वाईट मी घरी केलं. तुला सांगितलं की ताई म्हणते, काही दिवस येऊ नकोस. ताईने असं काही म्हटलं नव्हतं. तिला काहीच माहीत नव्हतं, शेजारीही माझ्या सांगण्यावरून तिच्यासमोर हा विषय काढत नव्हते. तिला मी सांगितलं की तुला दुसऱ्या गावी मोठी नोकरी लागली आणि तू निरोपही न घेता गेलास. ती दोन दिवस जेवली नाही, मग चिडली, आणि तो राग तिने आजवर जपून ठेवलाय. तुम्ही दोघं सहा वर्षं एकमेकांवर रुसून बसलात, आणि एकाही रुसव्याला कारण नव्हतं.

सोळा तारखेला सुनावणी आहे. मी काय बोलेन ते मला आज सांगता येत नाही. इतकं लिहूनही सांगता येत नाही. काल साहेबांनी क्वार्टरचा कागद टेबलावर ठेवला होता, सही फक्त त्यांची राहिली आहे. मी तो कागद दोनदा वाचला, हे तुला कळलेलं बरं.

दाजी


१९ मे

फुग्या,

तू तिथेच होतास, सगळं ऐकलंस. तरी लिहितो, कारण तुला मागून माझी पाठ तेवढी दिसत होती.

ताईला घरी सांगायची माझी हिंमत झाली नाही. आदल्या दिवशी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाणी मागितलं. शेवटी सकाळी म्हटलं, चल, तुझ्या भावाला भेटायला जायचंय, कोर्टात काम आहे त्याचं. तिने चांगली चप्पल बाहेर काढली. बसमध्ये सगळा वेळ तुला काय काय सुनवायचं याची तयारी करत होती. "बहिणीला विसरलास हे एक वेळ ठीक, पण साधं एक पत्र?" असं मलाच म्हणून बघत होती, बरोबर वाटतं का ते. मी म्हणालो, बरोबर आहे.

दालनात तुला बघून तिने तोंड फिरवलं, ते तू पाहिलंस. पण तिने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "किती बारीक झालाय हो." ते तुला ऐकू गेलं नसणार.

मग माझं नाव पुकारलं. वकीलबाईंनी विचारलं, यांचा श्वास तुटत होता का? मी म्हणालो, नाही. मग लिहून का दिलंत? मी म्हणालो, यांना एचआयव्ही आहे हे मला कळलं होतं म्हणून. तो शब्द मी पहिल्यांदा पूर्ण उच्चारला. इतका काही अवघड नाही. मग मी थांबलोच नाही. कंपाउंडर, मुकादम, पट्टा, कँटीन, सगळं. गालगुंडांची गोष्टसुद्धा सांगितली. न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

कारखान्याच्या वकिलाने बरोबर जागी बोट ठेवलं. "म्हणजे सहा वर्षांपूर्वी तुम्ही सही करून खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून समजायचं?" मी म्हणालो, "साहेब, तेव्हा खोटं बोलून माझं काहीच गेलं नाही. नोकरी राहिली, घर राहिलं, बायको राहिली. आज माझी बायको मागच्या बाकावर बसली आहे आणि हे सगळं ती पहिल्यांदा ऐकतेय." मी मागे वळून बघितलं नाही. वळलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं.

आणि मग वकीलबाईंनी तुझे कागद वाचले. कामावरून काढल्यानंतरचे तीन महिने. ताप, पाठीवर नागीण, भाड्याची खोली, उठून पाण्याच्या माठापर्यंत जाता येत नव्हतं. हे मला माहीत नव्हतं, फुग्या. तू चार पानांत यातलं अक्षरही लिहिलं नव्हतंस. ती खोली कारखान्यापासून दोन बसथांब्यांवर होती, हेही मला तिथे कळलं. तू दुसऱ्या गावी आहेस असं मी इतक्या वेळा सांगितलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता.

बाहेर पायऱ्यांवर तू वकीलबाईंशी बोलत होतास. ताई माझ्यापाशी आली. मला वाटलं ओरडेल, रडेल, चारचौघांत हात उगारला असता तरी मी उभा राहिलो असतो. तिने फक्त विचारलं, "ते तीन महिने त्याला जेवायला कोण घालत होतं?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही." मग तुझ्याकडे गेली. तुम्ही दोघं बसमध्ये चढलात ते मी बघितलं. तिने तुझा दंड धरला होता, आणि चढताना कोण कुणाला आधार देतंय हे कळत नव्हतं.

तिचे कपडे आणि गुडघ्याचं औषध उद्या लंबूबरोबर पाठवतो. तो स्वतःहून म्हणाला, मी नेऊन देतो. तुझ्या दारात उभा राहिला तर आत घ्यायचं की नाही ते तू ठरव. क्वार्टर निवृत्तीआधीच, या महिनाअखेर, सोडायला सांगितलंय. साहेबांचा कागद सहीशिवाय परत गेला, ते ठीकच झालं. निकाल जुलैत लागेल. बाई म्हणतात तुझ्या बाजूने लागेल. कामावर परत जायचं की तुझ्या त्या मालकांकडेच राहायचं, यात मी सल्ला देणार नाही. ताईला परत पाठव असंही मी म्हणणार नाही. तिला वाटलं तर ती येईल, नाही तर तिच्या भावाचं घर आहे.

एकच मागतो. ताईने तुला तो प्रश्न विचारला असेलच आणि तू तिला सांगितलंही असशील. पण तिने तो आधी मला विचारला होता. ते तीन महिने तुला जेवायला कोण घालत होतं, फुग्या? शेजारी होता कुणी, खाणावळवाली होती, अनोळखी माणूस होता, जो कुणी असेल त्याचा पत्ता मला कळव. मला त्याच्या दारापर्यंत जायचंय. आत जाणार नाही, मी कोण हेही सांगणार नाही. फक्त बघून येईन.

दाजी